पाणी ‘मिळणे’ आणि पाणी ‘घेणे’ : जलहक्काच्या संकल्पनेची चिकित्सा

१. प्रश्नाचे स्वरूप

संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २८ जुलै २०१० रोजी संमत केलेल्या ६४/२९२ क्रमांकाच्या ठरावाने पिण्याचे सुरक्षित व स्वच्छ पाणी आणि शौच-मलनिस्सारणाची सोय यांस मानवी हक्क म्हणून मान्यता दिली. ठरावाच्या बाजूने १२२ मते पडली, विरुद्ध एकही पडले नाही आणि ४१ राष्ट्रे तटस्थ राहिली. भारताचे मत ठरावाच्या बाजूने होते. १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातील पंचविसाव्या कलमात अन्न, वस्त्र, निवारा आणि वैद्यकीय मदत यांचा नामनिर्देश आहे, पाण्याचा नाही; ही उणीव बासष्ट वर्षांनी भरून निघाली, असे या ठरावाविषयी सामान्यतः म्हटले जाते. हे म्हणणे खोटे नाही. तथापि पाण्याच्या हक्काचा विचार महाराष्ट्रात ज्या रीतीने झाला आहे, तो ध्यानात घेऊन हा ठराव वाचू लागले म्हणजे त्याची मांडणी अपुरी वाटू लागते. ती कोठे व का अपुरी वाटते, हे तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

विवेचनाच्या सोयीसाठी दोन साध्या वाक्यांपासून आरंभ करू. ‘मला पाणी मिळते’ आणि ‘मी पाणी घेतो’, ही ती वाक्ये होत. पहिल्या वाक्यात पाणी हा कर्ता असून बोलणारा चतुर्थी विभक्तीत आहे. दुसऱ्यात बोलणारा स्वतः कर्ता आहे आणि पाणी कर्म आहे. घरगुती बोलण्यात हा भेद कोणी मोजीत नाही. तहान दोन्हींनी सारखीच भागते. परंतु हक्काच्या भाषेत तो नगण्य राहत नाही. ‘मिळते’ असे म्हणताना देणारा कोणीतरी अध्याहृत असतो आणि जो देतो तो न देण्यासही मोकळा असतो. ‘घेतो’ असे म्हणणारा मनुष्य मात्र पाण्याशी आपला सरळ संबंध सांगतो. मध्ये कोणाची मर्जी येऊ देत नाही. जलहक्काची आजची अधिकृत भाषा बव्हंशी पहिल्या क्रियापदावर उभी आहे. महाडची भाषा दुसऱ्या क्रियापदावर उभी होती. दुसऱ्या क्रियापदावाचून पहिले क्रियापद पुन्हा दानाच्याच अर्थाकडे घसरते, असे या लेखात दाखवावयाचे आहे.

यासंबंधात ‘हक्क’ या शब्दाचा मराठीतील पूर्वेतिहासही विचारात घ्यावा लागतो. जुन्या कागदपत्रांत हा शब्द वतनाशी निगडित आहे. पाटलाचा हक्क, कुलकर्ण्याचा हक्क, बलुतेदाराचा हक्क अशा प्रयोगांत हक्क म्हणजे अमुक घराण्यास अमुक गावी जन्माने प्राप्त झालेली मिळकत किंवा मान. तो इतरांना नसे, यातच त्याचे मोल होते. ‘मानवी हक्क’ या जोडशब्दात पहिले पद दुसऱ्या पदाचा हा जुना अर्थ उलटवून टाकते. जे केवळ माणूस असल्याने सर्वांचे, ते आता हक्क ठरते. पाण्याच्या प्रश्नावर हे दोन अर्थ प्रत्यक्ष एकमेकांसमोर उभे ठाकले, आणि तेही न्यायालयात. त्याची हकीकत पुढे येईल.

२. दानाची परंपरा आणि तिची मर्यादा

तहानलेल्यास पाणी देणे हे पुण्यकर्म होय, ही भावना आपल्याकडे फार जुनी आहे. काशीहून कावडीने आणलेले पाणी एकनाथांनी वाटेत तडफडणाऱ्या गाढवाला पाजले, ही आख्यायिका महाराष्ट्रात घरोघर सांगितली जाते. उन्हाळ्यात रस्त्याकडेला पाणपोई घालणारा गृहस्थ याच भावनेचा वारस आहे. या परंपरेची थोरवी कमी लेखण्याचे कारण नाही. पाण्याला किंमत लावू नये, हा धडा तिनेच समाजाला दिला.

परंतु या परंपरेत पाणी पिणाऱ्याचे स्थान कोणते, असा प्रश्न विचारला पाहिजे. एकनाथांच्या आख्यायिकेत घेणारा मुका प्राणी आहे आणि गोष्टीचा सर्व प्रकाश देणाऱ्यावर आहे. पाणपोईवरही पात्राला हात लावण्याचा अधिकार सर्वांना सारखा नसे. काहींना भांडे मिळे, काहींच्या ओंजळीत वरून धार सोडली जाई. पाणी तेच, तहान तीच. फरक हाताच्या अंतराचा होता. दयेला हे अंतर खटकत नाही, कारण दयेचा हिशेब देणाऱ्याच्या मनाशी असतो. त्यामुळे अत्यंत दयाळू समाज आणि अत्यंत विषम पाणवठा यांचे एकत्र नांदणे अशक्य नाही. आपल्याकडे ते शतकानुशतके नांदले.

जोतीराव फुले यांनी १८६८ मध्ये पुण्यातील आपल्या घराचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. या घटनेचे वर्णन पुष्कळदा औदार्याच्या शब्दांत केले जाते. तिचे वेगळेपण त्याने झाकले जाते. जोतीरावांनी पाणी वाटले नाही. पाणी भरण्याची जागा मोकळी केली. येणाऱ्याने स्वतःच्या हाताने पाणी घ्यावयाचे होते आणि मालकाने मध्ये उभे राहावयाचे नव्हते. दान आणि हक्क यांच्या मधली ही पायरी आहे. येथे घेण्याची क्रिया आली. परंतु हौद खाजगी असल्यामुळे तिच्यामागे मालकाची अनुज्ञा होतीच. सार्वजनिक पाण्याच्या बाबतीत अशी अनुज्ञा देण्याचा अधिकार मुळात कोणाला आहे, हा पुढचा प्रश्न साठ वर्षांनी महाडला विचारला गेला.

३. महाड : मिळालेला हक्क आणि घेतलेला हक्क

मुंबई कायदे कौन्सिलात सी. के. बोले यांच्या नावे ओळखला जाणारा ठराव ४ ऑगस्ट १९२३ रोजी संमत झाला. सार्वजनिक पैशातून बांधलेले वा चालविलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच सरकारी शाळा, न्यायालये, कचेऱ्या व दवाखाने यांचा उपयोग अस्पृश्य वर्गास करू द्यावा, असा त्याचा आशय होता. त्यास अनुसरून महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे सर्वांस खुले केल्याचा ठराव केला. म्हणजे कागदावर पाहता हक्क त्याच वर्षी मिळाला. तरीही पुढील तीन वर्षांत अस्पृश्य मनुष्य त्या तळ्यावर पाण्यासाठी गेला नाही. नगरपालिकेने दार उघडले होते; पण दाराशी गावाची जरब उभी होती.

१९ व २० मार्च १९२७ रोजी महाड येथे कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. रामचंद्र बाबाजी मोरे आदी कार्यकर्त्यांनी तिची खटपट केली होती आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर अध्यक्ष होते. २० मार्चला परिषदेचे प्रतिनिधी मिरवणुकीने तळ्याकडे गेले आणि त्यांनी ओंजळीने पाणी घेतले. त्यानंतर वीरेश्वराच्या देवळात शिरण्याचा बेत असल्याची आवई उठली आणि परतणाऱ्या प्रतिनिधींवर हल्ले झाले. पाठोपाठ तळ्याचे ‘शुद्धीकरण’ करण्यात आले. ४ ऑगस्ट १९२७ रोजी, बोले ठरावाला बरोबर चार वर्षे पूर्ण होत असता, नगरपालिकेने आपला पूर्वीचा ठराव रद्द केला.

हा घटनाक्रम संकल्पनेच्या दृष्टीने बोलका आहे. १९२४ चा ठराव तीन वर्षे कोणाच्याही विरोधावाचून टिकला, कारण त्याचा कोणी उपयोग केला नाही. उपयोग होताच पाच महिन्यांच्या आत तो मागे घेतला गेला. यावरून असे अनुमान निघते की, गावाचा आक्षेप अस्पृश्यांना पाणी मिळण्यास नव्हता, किंबहुना त्यांना पाणी मिळावे असा ठराव पुस्तकात असण्यासही नव्हता. आक्षेप त्यांनी ते घेण्यास होता. शुद्धीकरणाचा विधीही हेच सांगतो. पाणी दूषित झाले, ते त्यात काही मिसळल्याने नव्हे. माणसाने त्याला सर्वांसारखा स्पर्श केल्याने.

डिसेंबर १९२७ च्या दुसऱ्या परिषदेत डॉ. आंबेडकरांनी या प्रश्नाची जी उभारणी केली, ती आजच्या जलहक्काच्या चर्चेत सहसा विचारात घेतली जात नाही. त्यांच्या प्रतिपादनाचा आशय असा : चवदार तळ्याचे पाणी आजवर प्यालो नाही म्हणून आमचे काही प्राण गेलेले नाहीत. तळ्यावर जावयाचे ते इतरांप्रमाणे आम्हीही माणसे आहोत हे सिद्ध करण्यासाठी. या सभेची तुलना त्यांनी १७८९ मधील फ्रेंच राष्ट्रीय सभेशी केली आणि त्या सभेने घोषित केलेल्या मानवी हक्कांचा आधार घेतला. म्हणजे १९४८ च्या जाहीरनाम्यापूर्वी एकवीस वर्षे, कोकणातील एका लहान गावी, पाणी आणि मानवी हक्क या दोन कल्पना एका वाक्यात आणल्या गेल्या. पण त्यांचा परस्परसंबंध २०१० च्या ठरावातील संबंधाहून भिन्न होता. ठराव म्हणतो की जीवन व इतर हक्क यांचा पूर्ण उपभोग घेण्यासाठी पाणी आवश्यक आहे, म्हणून तो हक्क. महाडचे म्हणणे असे की पाणी आवश्यक आहे की नाही, हा मुद्दाच नव्हे. जे सर्वांचे आहे ते घेण्यास एकालाच मज्जाव केल्याने त्याचे माणूसपण नाकारले जाते, म्हणून तो हक्क. पहिल्या युक्तिवादाचा पाया गरज आहे, दुसऱ्याचा समता.

४. निवाड्यातील मौन

दुसऱ्या परिषदेपूर्वीच महाडमधील काही सवर्ण गृहस्थांनी दिवाणी दावा दाखल करून तात्पुरता मनाईहुकूम मिळविला होता. त्यामुळे तळ्यावरील प्रत्यक्ष सत्याग्रह त्या वेळी तहकूब करण्यात आला. दावा पायऱ्या चढत उच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १७ मार्च १९३७ रोजी, म्हणजे नऊ वर्षांहून अधिक काळाने, अस्पृश्यांच्या बाजूने निकाल झाला. या निकालाचा गौरव योग्यच आहे. परंतु तो कोणत्या आधारावर झाला, हे अभ्यासकाने पाहिले पाहिजे.

वादींचे म्हणणे असे होते की, अस्पृश्यांना तळ्यापासून दूर ठेवण्याची वहिवाट अनादि असून ती कायद्याने रक्षणीय आहे. येथे ‘हक्क’ हा शब्द त्याच्या जुन्या, वतनी अर्थाने न्यायालयात उतरला : इतरांना वगळण्याचा हक्क. न्यायालयाने ही वहिवाट अनादि असल्याचे सिद्ध झाले नाही, असा निर्णय दिला. निर्णय प्रतिवादींना अनुकूल ठरला, पण तो पुराव्याच्या कसोटीवर. वहिवाट पुरेशी प्राचीन ठरली असती तर काय झाले असते, हा प्रश्न या युक्तिवादात शिल्लकच राहतो. तळ्याचे पाणी घेणे हा माणसाचा हक्क आहे, असे म्हणण्याची गरज त्या दाव्याच्या चौकटीत कोणालाच पडली नाही. महाडच्या सभेने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर महाडच्या निकालात नाही.

ते उत्तर १९५० च्या राज्यघटनेत आले. पंधराव्या अनुच्छेदाच्या दुसऱ्या खंडात राज्याच्या पैशाने संपूर्णतः किंवा अंशतः राखलेल्या अथवा सर्वसाधारण जनतेच्या उपयोगार्थ समर्पित केलेल्या विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते यांच्या उपयोगास धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान यांमुळे प्रतिबंध असणार नाही, अशी तरतूद आहे. बोले ठरावाचे शब्द आणि हे शब्द शेजारी ठेवून वाचावेत. सार्वजनिक पैसा हा निकष दोहोंत आहे, पाणवठ्यांची यादी दोहोंत आहे. फरक एवढाच की, ठरावात ‘करू द्यावा’ असे आर्जव आहे आणि अनुच्छेदात प्रतिबंधाचाच निषेध आहे. या दोन वाक्यांच्या मध्ये महाडची ओंजळ आहे, असे म्हणण्यास हरकत नाही.

५. साहित्याची साक्ष

कायद्याच्या मजकुरात जे क्रियापद हरवते ते साहित्याने जपून ठेवले आहे. प्रेमचंदांची ‘ठाकूर का कुआँ’ ही १९३२ मधील हिंदी कथा उदाहरणादाखल घेता येईल. आजारी जोखूच्या लोट्यातील पाण्याला दुर्गंधी येते, कारण त्यांच्या विहिरीत जनावर मरून पडलेले असावे. त्याची बायको गंगी रात्रीच्या अंधारात ठाकुराच्या विहिरीवर जाते, दोर सोडते, घागर काठापर्यंत येते; इतक्यात ठाकुराचे दार उघडते, दोर हातून सुटतो आणि ती पळत सुटते. घरी येऊन पाहते तो जोखू तेच घाण पाणी पीत आहे. आजच्या परिभाषेत ही ‘पाण्याच्या गुणवत्ते’ची कथा ठरेल. पण कथेचा ताण पाण्याच्या घाणीत नाही, तो दोर ओढणाऱ्या हातांत आहे. शुद्ध पाणी गावात होते. हाताच्या अंतरावर होते. ते घेण्याची मुभा नव्हती.

मुल्कराज आनंदांच्या ‘अनटचेबल’ या १९३५ मधील इंग्रजी कादंबरीत याच प्रश्नाची दुसरी बाजू येते. सोहिनी विहिरीच्या ओट्यावर चढू शकत नाही. कोणी सवर्ण येऊन आपली घागर भरून देईल म्हणून ती इतरांबरोबर खाली ताटकळत राहते. पुजारी पंडित कालीनाथ येतो आणि तिची घागर भरतो. वरवर पाहता येथे पाणी ‘मिळाले’. परंतु त्याच देण्याच्या आधारे तो तिला आपल्या घरी अंगण झाडण्यास बोलावतो आणि तेथे तिच्या अंगावर हात टाकतो. पाणी मिळणे हे देणाऱ्याच्या मर्जीवर असले म्हणजे त्या मर्जीची किंमत कोणत्या नाण्यात वसूल होईल याचा नेम नसतो, हे या प्रसंगाइतक्या स्पष्टपणे क्वचितच मांडले गेले असेल. गंगीला पाणी नाकारले गेले आणि सोहिनीला दिले गेले. घेण्याचा हक्क दोघींनाही नव्हता.

मराठीत प्रेमानंद गज्वी यांच्या ‘घोटभर पाणी’ या एकांकिकेचे शीर्षकच विचार करण्यासारखे आहे. घोट हे तहानेचे सर्वांत लहान माप. मागणी इतकी लहान केली की नकाराचे मोठेपण आपोआप उघडे पडते. १९७० नंतरच्या दशकात बाबा आढाव यांनी चालविलेल्या चळवळीचे ब्रीद ‘एक गाव, एक पाणवठा’ असे होते. येथे ‘पाणी’ हा शब्द न योजता ‘पाणवठा’ हा शब्द योजला आहे. पाणी हे द्रव्य आहे, मापता येते, पोहोचविता येते. पाणवठा ही जागा आहे. तेथे माणसे एकमेकांच्या शेजारी उभी राहतात. दुष्काळात प्रत्येक वस्तीला निराळी विहीर देऊन पाण्याचा प्रश्न सोडविता येतो आणि त्याच उपायाने पाणवठ्याचा प्रश्न कायमचा बिकट करता येतो, हे त्या ब्रीदाने ओळखले होते.

६. आंतरराष्ट्रीय व्याख्येची तपासणी

आता पुन्हा आंतरराष्ट्रीय मांडणीकडे वळू. संयुक्त राष्ट्रांच्या आर्थिक, सामाजिक व सांस्कृतिक हक्कविषयक समितीने नोव्हेंबर २००२ मध्ये स्वीकारलेल्या पंधराव्या सर्वसाधारण भाष्यात जलहक्काची व्याख्या दिली आहे. पाणी पुरेसे, सुरक्षित, स्वीकारार्ह, आवाक्यातील अंतरावर आणि परवडणाऱ्या दरात मिळावे, हे तिचे घटक. भाष्यात भेदभावाचा निषेध नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. तो आहे, आणि ठसठशीत आहे. परंतु व्याख्येच्या रचनेत त्याला ‘सुलभता’ या घटकाच्या चार पैलूंपैकी एक, असे स्थान मिळाले आहे. महाडमध्ये जो मूळ सिद्धांत होता तो येथे पोटकलम झाला आहे. लिटर, मीटर आणि दर मोजता येतात. पाणवठ्यावर कोण कोणाच्या नंतर उभा राहतो, हे मोजता येत नाही. जे मोजता येते तेच शेवटी प्रशासनाच्या तक्त्यात उतरते, हा अनुभव नवा नाही.

यावर एक सबळ आक्षेप घेतला जाईल. कोरड्या विहिरीवर सर्वांना समान प्रवेश असून उपयोग काय? पाणी नसेल तेथे समता हा केवळ शब्द राहतो. गरज हाच खरा पाया आहे. हा आक्षेप मान्य केला पाहिजे. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यात वा पश्चिम महाराष्ट्रात टँकरची वाट पाहणाऱ्या स्त्रीला परिमाण आणि अंतर यांचेच मोल अधिक वाटले असेल तर त्यात आश्चर्य नाही. डॉ. आंबेडकरांचा युक्तिवादही पाणी असलेल्या तळ्याविषयी होता. म्हणून गरजेचा निकष टाकून द्यावा, असे येथे म्हणावयाचे नाही. म्हणावयाचे ते इतकेच की, एकट्या गरजेवर उभारलेला हक्क अखेर पुरवठा होतो. पुरवठा करणारा आणि पुरवठा होणारा अशी विभागणी तो गृहीत धरतो, आणि ही विभागणी जुन्या दाता-याचक विभागणीशी सहज जुळते. टँकर आला तरी तो गावात कोठे उभा राहतो, पहिली घागर कोणाची भरते, हे प्रश्न लिटरच्या हिशेबाबाहेरच राहतात.

नव्या सरकारी मराठीत ‘लाभार्थी’ या शब्दाने जो जम बसविला आहे, तो या दृष्टीने चिंताजनक आहे. १५ ऑगस्ट २०१९ रोजी घोषित झालेल्या जल जीवन मोहिमेने प्रत्येक ग्रामीण घरी नळाने दरमाणशी दररोज ५५ लिटर पाणी देण्याचे उद्दिष्ट ठेवले. उद्दिष्ट स्वागतार्ह आहे. स्त्रियांच्या डोक्यावरील हंडा उतरविणारा नळ ही लहान गोष्ट नव्हे, आणि घरातील नळावर ओटा नसतो हेही खरे. परंतु ज्याच्या घरी नळ येतो त्याला ‘हक्कदार’ न म्हणता ‘लाभार्थी’ म्हटले जाते. लाभ हा होतो. तो घेता येत नाही. भाषेने येथे कर्त्याला पुन्हा चतुर्थीत बसविले आहे.

न्यायालयीन भाषेतही हा ताण दिसतो. सुभाषकुमार विरुद्ध बिहार राज्य या १९९१ मधील प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने प्रदूषणमुक्त पाणी व हवा यांच्या उपभोगाचा हक्क एकविसाव्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्कात सामावलेला आहे, असे म्हटले. हे वाक्य पुढे वारंवार आधारास घेतले गेले. ज्या अर्जावर ते लिहिले गेले तो अर्ज मात्र लोकहिताचा नसून खाजगी हेतूचा आहे, म्हणून फेटाळला गेला. तत्त्व प्रस्थापित झाले, कोणाच्या हाती पाणी आले नाही. पुढे १५ डिसेंबर २०१४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने पाणी हक्क समितीच्या अर्जावर निर्णय देताना, घर अनधिकृत आहे एवढ्यावरून माणसाचे पाणी तोडता येणार नाही, असे सांगितले आणि महानगरपालिकेस धोरण आखण्यास फर्माविले. हा निर्णय फार महत्त्वाचा आहे. तरीही अधिकृत घरांतील रहिवाशांच्या बरोबरीने पाणीपुरवठ्याचा हक्क अशा रहिवाशांना सांगता येणार नाही, हेही त्यात नमूद झाले. पाणी मिळेल, पण बरोबरीने नाही. गरजेच्या पायावर उभा असलेला हक्क कोठपर्यंत जातो आणि कोठे थांबतो, हे या निर्णयाने स्वच्छ दाखविले आहे.

७. मलनिस्सारणाच्या हक्कातील अनुक्त माणूस

आतापर्यंतचे विवेचन पाण्यापुरते होते. ठरावाने पाण्याबरोबरच शौच-मलनिस्सारण हाही हक्क मानला आहे, आणि येथे प्रश्न अधिक कठीण होतो. पाणी घेताना दुसऱ्याला दूर सारले जाते. मैला टाकताना दुसऱ्याला त्यात उतरविले जाते. स्वच्छ शौचकूप हा माझा हक्क आहे, हे वाक्य पूर्ण करावयाचे तर तो स्वच्छ कोण करतो, हे सांगावे लागेल. ठरावाच्या मजकुरात ही व्यक्ती नाही. हक्काचा धारक म्हणून शौचकूप वापरणारा आहे, कर्तव्याचा धारक म्हणून राज्य आहे. मधला माणूस अध्याहृतही नाही.

मुंबई सरकारने १९४९ मध्ये वि. ना. बर्वे यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने सफाई कामगारांच्या राहणीची चौकशी करून १९५२ मध्ये अहवाल सादर केला. डोक्यावरून मैला वाहण्याची रीत बंद व्हावी, हा तिच्या शिफारशींचा एक भाग होता. त्याच सुमारास कोकणात आप्पासाहेब पटवर्धन स्वतःच्या हाताने भंगीकाम करून, मैल्याचे खत करणारे शौचकूप प्रचारात आणण्याची खटपट करीत होते. या दोन प्रयत्नांतील भेद उद्‌बोधक आहे. पहिल्याने वाहणाऱ्याचे ओझे हलके करू पाहिले, दुसऱ्याने वाहणाराच अनावश्यक करू पाहिला. पुढे १९९३ च्या कायद्याने कोरडे संडास आणि हाताने मैला साफ करण्यासाठी माणसे नेमणे यांस मनाई केली. २०१३ च्या कायद्याने ती मनाई गटारे व मलटाक्या यांच्या धोकादायक सफाईपर्यंत नेली. २७ मार्च २०१४ च्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने गटारात मृत्यू पावलेल्यांच्या कुटुंबांस १० लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. ऑक्टोबर २०२३ मध्ये ही रक्कम ३० लाख करण्यात आली. भरपाई वाढवावी लागली, याचा अर्थ मृत्यू थांबले नव्हते.

‘अनटचेबल’च्या शेवटी बखासमोर जे मार्ग मांडले जातात त्यांत पाण्याच्या झोताने धुतला जाणारा शौचकूप हा एक आहे. कादंबरीच्या प्रस्तावनेत ई. एम. फॉर्स्टर यांनीही, मलनिस्सारणाची आधुनिक यंत्रणा आली की अस्पृश्यता नाहीशी होईल, असा विश्वास व्यक्त केला आहे. नव्वद वर्षांनंतर या विश्वासाची परीक्षा करणे आपणांस शक्य आहे. यंत्रणा आली, नळ आले, भुयारी गटारे आली. परंतु जेथे गटार तुंबते तेथे यंत्राऐवजी माणूसच उतरविला जातो, आणि तो बहुधा त्याच जातींतील असतो. टोपलीचा संडास गेला, टोपली वाहणारा मात्र जमिनीखाली गेला, इतकाच तेथील फरक. यंत्रावर दोष ठेवण्याचे कारण नाही. यंत्राची योजना करणाऱ्यांनी कोणाचा हात गृहीत धरला, हा दोषाचा प्रश्न आहे. २ ऑक्टोबर २०१४ रोजी सुरू झालेल्या स्वच्छ भारत अभियानात कोट्यवधी शौचकूप बांधले गेले. त्यांपैकी दोन खड्ड्यांचे शौचकूप आळीपाळीने वापरले तर मैल्याचे निर्धोक खत होते. एकच खड्डा वा मलटाकी असेल तर ती कधीतरी उपसावी लागतेच. म्हणून शौचकुपांची संख्या सांगणारा तक्ता जोपर्यंत उपसणाऱ्याचा रकाना ठेवीत नाही, तोपर्यंत तो अपुरा होय.

यावरून मलनिस्सारणाच्या हक्कास लावावयाची एक कसोटी हाती येते. ज्या सोयीसाठी दुसऱ्या माणसाला स्वतःचे माणूसपण बाजूस ठेवावे लागते, ती सोय कितीही आवश्यक असली तरी मानवी हक्क या संज्ञेस पात्र होत नाही. ती जुन्या अर्थाचा हक्क होय, म्हणजे वतन.

८. समारोप

२०१० चा ठराव चुकीचा आहे, असा या विवेचनाचा निष्कर्ष नाही. तो एका दीर्घ वाक्याचा उत्तरार्ध आहे. पूर्वार्ध महाडला उच्चारला गेला होता. पुरेसे, शुद्ध, परवडणारे पाणी मिळाले पाहिजे, हे खरे. पण मिळण्याचा आग्रह घेण्याच्या हक्कावर उभा राहिला नाही तर तो सरकारी पाणपोई होऊन बसतो, आणि पाणपोई उन्हाळा संपला की उठते. म्हणून जलहक्काच्या कोणत्याही मसुद्याची चिकित्सा करताना अभ्यासकाने दोन प्रश्न विचारावेत. या वाक्यात पाणी घेणारा कर्ता आहे की नाही? आणि ज्याच्या श्रमाने ही स्वच्छता राखली जाते तो या वाक्यात कोठे आहे?

पहिला प्रश्न महाडने दिला आहे. दुसरा अजून कोणत्याही जाहीरनाम्याच्या मुख्य कलमात आलेला नाही. मराठी विचारपरंपरेला या विषयात काही भर घालावयाची असेल तर ती येथेच घालता येईल.